न कुजणारं झाड

माझ्या मामाची चेष्टा मी करीन, मामी करेल. दुसऱ्या कुणी केलेली मला खपत नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर का चढला असं विचारू नका.

मामा थर्माकोल कोरायचा. नाटकांसाठी. पडदा उघडल्यावर तुम्हाला दगडी खांब दिसतात, राजवाड्याच्या दारातले सिंह दिसतात, विहिरीचा काठ दिसतो, ते काय दगडाचे असतात होय? दुसरा अंक सुरू व्हायच्या आत दोन माणसांनी उचलून विंगेत नेले पाहिजेत असे असतात ते. कुणीतरी बसून ते कोरतं. आमच्या रंगमंदिरात ते काम मामाकडे होतं. मागच्या आवारात पत्र्याची एक शेड होती. तिथे तो तापलेल्या तारेने ठोकळे कापायचा, कानशीने घासायचा, वरून गोंदात भिजवलेलं जुनेर लपेटायचा आणि मग रंगवायचा. बाहेर यायचा तो डोक्यापासून पायापर्यंत पांढरा होऊन. सगळे त्याला बर्फमामा म्हणायचे. संचालकांपासून चहावाल्यापर्यंत तो सगळ्यांचा मामा, सख्खी भाची मात्र मी एकटीच.

मी त्या दोघांकडेच वाढले. घरात जिथे बघावं तिथे थर्माकोलचे मणी. उशीत, चपलेत, चहाच्या कपात, मामाच्या कानात. झाडूने लोटायला जावं तर ते झाडूलाच चिकटायचे. मामी म्हणायची, माझ्या बापाने मला माणसाला दिली की फाटक्या गादीला, हेच अजून कळलं नाही. मामा हसायचा आणि शर्ट झटकायचा, की आणखी शंभर खाली. तिने हात टेकले होते. आलं-गेलं माणूस उठून निघालं की त्याच्या पाठीवर एखादा तरी मणी जायचा, आणि मामी दारात उभी राहून तो टिपायची.

पुढे मला त्यानेच रंगमंदिराच्या कपडेपटात चिकटवून दिली. नाटकातल्या लोकांचे कपडे शिवणं, उसवणं, इस्त्री करणं, हे माझं काम. त्यामुळे मामाचं घरचं रूप आणि कामावरचं रूप, दोन्ही मी पाहिली. घरी तो कुणाच्या अध्यातमध्यात नसायचा. कामावर मात्र महा खट. कुणी त्याच्या खांबाला टेकून उभं राहिलं तर अंगावर धावून जायचा. मोठमोठे नट त्याला वचकून असायचे.

त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे ते झाड. एका नाटकाचा अख्खा दुसरा अंक झाडाखाली घडायचा. मामाने झाड केलं ते असं की पहिल्या प्रयोगाला पडदा उघडला आणि कुणी तोंडातून शब्द काढायच्या आत टाळ्या पडल्या. प्रमुख नट चिडला. म्हणाला, मी एन्ट्री घेतलीच नाही अजून, टाळ्या कसल्या? खोडावरच्या गाठी, साल सुटलेली जागा, फांदी जिथून फुटते तिथली सुरकुती, सगळं जिथल्या तिथे. आत लोखंडी नळी होती, त्यामुळे नायिका बिनधास्त फांदीवर बसायची. नाटक वर्षानुवर्षं चाललं. नट बदलले, नायिका तीन झाल्या, झाड तेच. एकदा तालमीच्या वेळी वरच्या झरोक्यातून एक चिमणी आत शिरली, सगळीकडे भिरभिरली आणि शेवटी झाडावर जाऊन बसली. मामा ही गोष्ट कितीतरी दिवस सांगत होता. मामी म्हणायची, अहो, चिमणी दमली होती, तिला दुसरं काही दिसलं नसेल. पण मामाला बक्षीस म्हणून तेवढं पुरलं.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर मी खोटी ठरेन. एका वर्षी असा काही पाऊस कोसळला की आवारातलं गटार तुंबलं आणि पाणी उलटं फिरून रंगमंचाखाली शिरलं. माझा कपडेपट खालीच. शालू, कोट, पगड्या, सगळं गुडघाभर पाण्यात. मी रडले आणि ज्याच्या त्याच्या नावाने खडे फोडले. सफाईवाल्यांनी जाळी उचकटली तर खालून ओंजळी-ओंजळीने थर्माकोलचे मणी निघाले. कुणाचे, ते सांगायला ज्योतिषी नको होता. मी मामाला नको नको ते बोलले. तो माझ्याबरोबर बसून ओले कपडे पिळत राहिला.

पाणी ओसरल्यावर तो एकटाच मागच्या ओढ्याकडे गेला. परत आला तेव्हा चेहरा उतरला होता. काठावर पांढरा थर साचला होता म्हणाला, आणि पाखरं तो टिपत होती. खाऊ नका म्हणून त्याने खडे मारले, तर पाखरं उडायची आणि पुन्हा यायची. त्या दिवशी तो जेवला नाही.

तेव्हा संचालकबाई नव्या आल्या होत्या. हुशार बाई, गोड बोलणारी, परदेशात शिकून आलेली. त्यांनी रंगमंदिर हरित करायचं ठरवलं. दिवे बदलले, पाण्याच्या बाटल्या बंद केल्या, थर्माकोल बंद. त्यांचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. बंदी योग्यच होती, आणि तिथेच तर माझी पंचाईत होते, कारण शिव्या घालायला धड कारण मिळत नाही. मामा तर बंदीच्या आधीच बाईंकडे गेला होता. म्हणाला, हे बंद करा आणि मला दुसरं काहीतरी शिकवा.

शिकवलं त्याला. कागदाचा लगदा. साठीच्या घरातल्या माणसाने टबात कागद भिजत घातले, तुडवले, साच्यावर थापले. पहिला खांब इतका जड झाला की उचलायला चौघं लागले आणि ते चौघंही वाकडे झाले. तो आतून वाळलाच नाही. त्याला बुरशी आली, वास सुटला, आणि ऐन मरणाच्या प्रसंगात मेलेल्या राजाला शिंक आली. आम्ही हसून हसून बेजार. मामाही हसला, पण त्याचे हात हसत नव्हते. आयुष्यभर जे हात काढत गेले, कोरून कोरून कमी करत गेले, त्यांना आता थापून थापून वाढवायचं होतं. दुसरा खांब बरा झाला, तिसरा चांगला झाला. पण एका खांबाला महिना. तोवर बाईंनी पुठ्ठ्याचं नेपथ्य करून देणारी मंडळी शोधली होती. यंत्रावर कापतात, घडी घालून आणतात. चार गोड शब्द बोलून मामाला घरी बसवलं.

तो घरी बसला, पण त्याने केलेलं सगळं गोदामात होतं. खांब, सिंह, घोड्यांची मुंडकी आणि झाड. आणि हरित म्हणून शिक्का मिळायचा तर तपासणीला माणसं येणार, गोदाम रिकामं हवं. भंगारवाल्याने हात लावला नाही. रंग लावलेला, कापड चिकटवलेला थर्माकोल कुणी घेत नाही. कचरा डेपोवर न्यायचा तर रंगमंदिरातून एवढा एवढा कचरा निघाला अशी नोंद होणार, आणि मग शिक्का कसला मिळतोय?

त्या बैठकीला मी होते, कर्मचाऱ्यांच्या वतीने. बाई म्हणाल्या, "आपण याला कचरा म्हणायचंच नाही. ही कला आहे. कला कलाकाराला सन्मानाने परत करायची."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी म्हटलं, "बाई, त्यांच्या दोन खोल्या आहेत. झाड ठेवायचं कुठे त्यांनी?"

त्यावर त्या हसल्या. म्हणाल्या की मामांना आनंदच होईल, आणि पुढेमागे वारसा दालन करायचा विचार आहेच, तेव्हा बघू. मी आणखी दोनदा बोलले. मग विषय बदलला आणि चहा आला. माझा तिळपापड झाला होता, पण तो चहा मी प्यायले, काय करणार.

छोटासा समारंभ झाला. मामाला जुन्या पडद्याच्या कापडाची पिशवी आणि एक रोपटं दिलं. मामाने दोन वाक्यांचं भाषण केलं. दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि आमच्या गल्लीत त्याचं अख्खं आयुष्य उतरवून गेला.

दोन खोल्यांचं काय झालं ते ऐका. बाहेरच्या खोलीत आडवं खोड. ते ओलांडल्याशिवाय दाराकडे जाता येईना. फांद्या पलंगावर, छताला टांगलेल्या. सिंह गच्चीच्या जिन्यात, त्यावरून घरमालकाशी भांडण. घोड्यांची मुंडकी न्हाणीघराच्या माळ्यावर. मामी अंघोळीला गेली की म्हणायची, इतक्या जणांनी बघत राहिल्यावर माणसाने कपडे काढायचे तरी कसे. पहिले काही दिवस असं हसण्यात गेले. ओला टॉवेल फांदीवर, चष्मा ढोलीत. मग कापड जागोजागी सुटायला लागलं, मणी गळायला लागले, आणि मामीला दमा लागला. ती उशी घेऊन स्वयंपाकाच्या ओट्याजवळ झोपायला लागली.

आणि मामा? मामा खूश होता. समारंभातल्या बाईंच्या बोलण्यातलं त्याने एकच धरून ठेवलं होतं, दालन. त्याच्या मते झाड त्याच्याकडे ठेवायला दिलं होतं, दालन होईपर्यंत. म्हणजे ते नीट राखायला नको का? सकाळी उठला की गोंद आणि कापड घेऊन बसायचा. चिरा बुजवायचा, साल पुन्हा रंगवायचा. फांदीच्या प्रत्येक टोकावर आणि खोडातल्या खाचेवर पेन्सिलीने खूण करून ठेवली, म्हणजे लावणाऱ्याची चूक व्हायला नको. काचेतून लोक बघतील म्हणायचा, जवळून बघतील, नाटकातलं काम लांबून बघायचं असतं, तेवढ्यावर भागणार नाही.

एक दिवस मामीचा श्वास फार चढला आणि मी न राहवून त्याला तोंडावर सांगितलं. म्हटलं, "मामा, त्यांनी तुला मान नाही दिला. त्यांचा कचरा तुझ्या दारात आणून टाकलाय. बैठकीत मी होते."

तो ब्रश धूत होता. धुऊन झाल्यावर म्हणाला, "तू तुझे कपडे शिव."

नंतर किती दिवस तो माझ्याशी बोलला नाही. मामीने मला बाजूला घेतलं. म्हणाली, अगं, एवढी एकच गोष्ट उरली आहे ह्यांच्याकडे, ती तरी काढून घेऊ नकोस. माझं काय, दम लागतो आणि जातो. आता ह्या मामीला काय म्हणावं?

आणि मग खरंच फोन आला. दालन तयार होतंय, झाड पाठवा. मला वाटलं, मीच खोटी पडले, आणि पडले तर किती बरं. मामा माझ्याकडे बघून नुसता भुवया उडवत होता. ट्रकवाल्यांना त्याने खुणा दाखवल्या, कुठली फांदी कुठे, कुठे जोर लावायचा नाही. उभं करायला मी येऊ का, असं दोनदा विचारलं. ते म्हणाले, आमची माणसं आहेत. ट्रक वळेपर्यंत तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता. घरात मामीने कितीतरी दिवसांनी पदर खोचून बाहेरची खोली धुतली.

उद्घाटनाला तो माझ्याबरोबर आला. मामीला खोकला होता म्हणून ती घरी राहिली. कडक इस्त्रीचा शर्ट, दाढी गुळगुळीत. दालन सुंदर केलं होतं, खोटं कशाला बोला. जुने फोटो, पहिल्या नाटकाची घंटा, माझ्याकडचे दोन अंगरखेही होते. मामा फोटोंकडे बघतच नव्हता. झाड कुठे, झाड कुठे, असं करत तो पुढे पुढे जात होता.

झाड शेवटच्या खोलीत होतं. मोठ्या काचेच्या पेटीत. उभं नव्हतं. करवतीने तुकडे तुकडे करून ढीग घातला होता. वर रिकाम्या बाटल्या, प्लॅस्टिकचे पेले, पिशव्या टाकल्या होत्या. ताजी रंगवलेली साल ठिकठिकाणी वर आली होती, आणि एका तुकड्यावर मामाची पेन्सिलीची खूण तशीच होती. बाजूच्या पाटीवर लिहिलं होतं, 'हा कचरा आम्ही केला. तो पाचशे वर्षं कुजणार नाही.'

मामाकडे बघायची हिंमत होईना. तो काचेला नाक लावून उभा होता. हळूच म्हणाला की करवत वापरायला नको होती, तारेने कापलं असतं तर भुगा झाला नसता, आता केवढे मणी उडाले असतील.

तेवढ्यात बाई आल्या. मामाचा हात हातात घेतला. राग नाही ना आला, म्हणाल्या, लोकांना धक्का बसल्याशिवाय ते बदलत नाहीत. मी तोंड उघडणार तेवढ्यात मामाने माझा दंड धरला. चांगला घट्ट धरला.

"आम्ही केला असं लिहिलंय," तो बाईंना म्हणाला. "आम्ही म्हणजे कोण?"

"म्हणजे आपण सगळे, मामा. रंगमंदिर. तुमचं नाव मुद्दाम नाही घातलं. तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"तुम्ही नाही केलं ते. मी केलंय. खाली माझं नाव घाला."

बाईंना आधी कळेचना. मग त्यांचे डोळे पाणावले. केवढा प्रामाणिकपणा, असं काहीतरी त्या आजूबाजूच्यांना सांगायला लागल्या आणि चार माणसांनी टाळ्या वाजवल्या. मामाने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. बाहेर येईपर्यंत माझा दंड त्याच्या हातात होता. बसमध्ये मी त्याला विचारलं, अरे, का? कचऱ्याखाली नाव? तो म्हणाला, या इमारतीत इतकी वर्षं काम केलं, कुठल्या जाहिरातीत नाही, पुस्तिकेत नाही, दारावर नाही, कुठे एका जागी माझं नाव छापलंय का? नेपथ्याखाली नेहमी आराखडा काढणाऱ्या साहेबांचं नाव. कचरा तर कचरा.

नाव लागलं. बाईंनी शब्द पाळला, पाटी नवीन करून घेतली. आता रोज कपडेपटात जाताना मला त्या खोलीवरून जावं लागतं. शाळांच्या सहली येतात. माहिती सांगणारी मुलगी काचेसमोर उभी राहून मामाचं पूर्ण नाव घेते, आणि मुलं नाक मुरडतात. मी सरळ पुढे निघून जाते. एकदा थांबले होते, आणि त्या मुलीला इतकं बोलले की माझी तक्रार झाली.

खोकला ओसरल्यावर मामा मामीला घेऊन आला. मामीने ठेवणीतली साडी नेसली होती. त्याने तिला फोटोंवरून, घंटेवरून भरभर पुढे नेलं आणि काचेसमोर उभं केलं. ढिगाकडे बघून ती पदराने तोंड दाबून उभी राहिली, खोकला आल्यासारखी. मामाने तिला पाटीच्या बाजूला सरकवलं, स्वतः पलीकडे उभा राहिला आणि मला म्हणाला, "फोटो काढ. आणि बघ हं, फक्त नाव येऊ दे. वरचं नको."

मी पुढे झाले, मागे झाले, खाली वाकले. नाव बारीक अक्षरात आणि त्याच्यावर लगेच पाटीचं ते मोठं वाक्य. नाव आलं की कचरा येत होता. मामीला म्हटलं, जरा पुढे होऊन बाजूने पदर वर धर, वरचं झाकलं जाईल. ती पुढे झाली, पण मामी पडली बुटकी. चवड्यांवर उभी राहिली तरी झाकेना.

"राहू दे," मामा म्हणाला, "सगळंच येऊ दे."

तो फोटो आता बाहेरच्या खोलीत लावलाय. घरी कुणी नवीन आलं की उठून जवळ जातं आणि पाटी मोठ्याने वाचायला लागतं. मामी मधेच चहाचं विचारते. पण लोक वाचायचे थांबत नाहीत, पाटी संपेपर्यंत वाचतात.